आक्कांच्या कानातले दोन आवाज

"मॅडम, तुमचा जिना चढला की डंक पळाय लागतोय बगा."

खुर्चीत बसता बसता, पदरानं कपाळ पुसत आक्कांनी हे सहज म्हटलं. तक्रार म्हणून नाही, धाप लागली म्हणून. त्यांचं प्रकरण खरं म्हणजे याच वाक्यात उलगडलं होतं. ते माझ्या ध्यानात यायला पुढची दहा मिनिटं गेली.

राजारामपुरीत पहिल्या मजल्यावर मी कान तपासायचं काम करते. ऐकू किती येतं ते मोजणं, श्रवणयंत्र बसवणं, आणि कानात आवाज येणाऱ्या माणसांशी बोलणं. आक्का आल्या त्या मृगाच्या आदल्या आठवड्यात. वय ४६. फुलेवाडीच्या बाजूला घराखालीच पिठाची गिरणी आणि मिरचीचा डंक, म्हणजे चटणी कुटायचं यंत्र. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत; लिहायला त्यांची हरकत नव्हती, "माझ्यागत कुणी बाई असंल तर तिला कळू दे" एवढंच म्हणाल्या.

कोल्हापुरात चटणीचा हंगाम म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. होळी झाली की उन्हात मिरच्या पडतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत घरोघरची वर्षाची चटणी कुटून व्हायला लागते. बेडगी आणि संकेश्वरी मिरच्यांच्या पिशव्या, भाजलेला मसाला, लसूण घेऊन बायका डंकापुढं नंबर लावतात. लोखंडी मुसळं उखळात धडाधड आपटत असतात आणि शेजारी गिरणीचा पट्टा चालू असतो. आक्का या आवाजात १९ वर्षं उभ्या आहेत, हंगामात दिवसाचे दहा-दहा तास.

तक्रार त्यांनी अशी सांगितली: "दिवसभर डंक कुटतो ते कुटतो, रात्री पडलो की उजव्या कानात परत डंक चालू. मालक म्हणत्यात, तुझ्या डोक्यातच डंक बसलाय." आठ महिने असं चाललं होतं. झोप मोडली होती, चिडचिड वाढली होती. सासूबाईंनी लसूण कढवून तेल घातलं होतं. हे कुणी करू नये, पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट आतल्या भागात उतरतं. पिशवीत तीन वेगवेगळ्या ठिकाणच्या चिठ्ठ्या होत्या. एकीवर कानात टाकायचे थेंब, दुसरीवर जीवनसत्त्वाच्या गोळ्या, तिसरीवर झोपेची गोळी. तिसऱ्या चिठ्ठीवर निदान लिहिलं होतं, 'टिनिटस', आणि तोंडी सांगितलं होतं, सवय होईल.

मला इथं राग येतो, तो लपवत नाही. टिनिटस हे रोगाचं नाव नाही. बाहेर आवाज नसताना कानात किंवा डोक्यात आवाज ऐकू येणं, या लक्षणाला दिलेलं ते नाव आहे. ताप आलेल्या माणसाच्या चिठ्ठीवर निदान म्हणून 'ताप' लिहून कोणी त्याला घरी पाठवत नाही. कानात वाजणाऱ्या माणसाला मात्र अगदी तसंच पाठवलं जातं, आणि वर सवयीचा सल्ला.

म्हणून माझा पहिला प्रश्न कायम एकच असतो: आवाज कसा येतो, तो काढून दाखवा. आपल्या भाषेत आवाजांचे शब्द इतके बारीक आहेत की अर्धं काम तेच करतात. किर्र, कुंई, शिट्टी असं कोणी म्हणालं की मी वरच्या पट्टीच्या आवाजाकडे, म्हणजे बहुतेक वेळा गोंगाटानं किंवा वयानं झिजलेल्या आतल्या कानाकडे बघते. समुद्रासारखी घूं, त्याबरोबर कान गच्च होणं आणि सगळं गरगर फिरणं हे ठरावीक झटक्यांनी येत असेल तर मेनिएर नावाचा आतल्या कानाचा आजार डोक्यात येतो. टकटक, टिकटिक, जणू आत कोणी नखावर नख वाजवतंय, असं असेल तर मधल्या कानातला किंवा टाळूचा एखादा स्नायू आपोआप फडफडत असू शकतो. जबडा दाबला किंवा मान वळवली की आवाज बदलतो असं सांगणाऱ्याचे दात, जबड्याचा सांधा आणि मान बघावी लागते. जवळजवळ बहिऱ्या झालेल्या एखाद्या आजीला जुनी गाणी ऐकू येतात, तेही यातच मोडतं आणि त्याला वेड म्हणत नाहीत. माणसं बोलतायत, हुकूम देतायत असं कोणी सांगितलं तर मात्र ते वेगळं, तिथं मनाच्या डॉक्टरांची गरज असते.

आवाजावरून आजार वेगळे काढायची ही रीत जुनी आहे. सुश्रुतानं कानाचे २८ रोग मोजले, त्यात कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड असे दोन वेगळे सांगितले: पहिल्यात भेरी, मृदंग, शंखासारखे आवाज, दुसऱ्यात वेणूसारखा. आजच्या निदानाशी त्यांची जोडी जुळवायला मी जाणार नाही. पण 'कसा वाजतो' हे विचारायला हवं, एवढं तेव्हाही माहीत होतं.

आक्का आधी "धप-धप" म्हणाल्या. डंकाचंच डोक्यात होतं त्यांच्या. मी म्हटलं, डोळे मिटा, आत्ता येतोय तो नीट ऐका आणि तोंडानं काढा. थोडा वेळ गेला. मग ओठ मिटून त्यांनी काढला तो आवाज धप नव्हताच. "हूं... हूं... हूं... लोहार भाता मारतो न्हवं, तसं."

मी त्यांचा डावा हात हातात घेतला आणि नाडीवर बोटं ठेवली. म्हटलं, कानात हूं आलं की उजव्या हाताचं बोट टेबलावर वाजवा. त्या वाजवायला लागल्या. टक, टक, टक. माझ्या बोटाखाली नाडी आणि टेबलावर त्यांचं नख, दोन्ही एकाच क्षणी. मिनिटाला १०४. मी त्यांना जिन्यावरून एकदा खाली-वर करून यायला सांगितलं आणि पुन्हा तेच केलं. नाडी वाढली, टेबलावरचं बोटही वाढलं, एक ठोकाही मागं-पुढं नाही. जिना चढल्यावर डंक पळतो, कारण तो डंक नव्हता. ते त्यांचं रक्त होतं.

नाडीच्या तालावर येणारा आवाज हा टिनिटसचा वेगळाच प्रकार आहे. एकूण टिनिटसमध्ये तो थोड्यांनाच असतो, पण ज्यांना असतो त्यांच्यात शोधलं तर कारण सापडण्याची शक्यता बरीच असते, आणि काही कारणं अशी असतात की ती चुकवून चालत नाही. पडद्यामागं रक्तवाहिन्यांची लालसर गाठ असू शकते. मानेतली धमनी अरुंद झालेली असू शकते. कवटीतला दाब वाढलेला असू शकतो. त्यात डोकं दुखतं, नजर मधूनच अंधारते आणि वेळ गेला तर दृष्टी जाऊ शकते. म्हणून ठोक्यासारखा आवाज ऐकला की मी कधीही 'बघू, थांबू' म्हणत नाही.

मी कानात बघितलं. मळ नव्हता. पडदा मोत्यासारखा स्वच्छ, मागं लाल काही नाही. मग उजव्या बाजूला जबड्याखाली, मानेवर दोन बोटं अगदी हलकी टेकवली, वरवरची शीर दबेल इतकीच. आक्का गप्प झाल्या. डोळे मोठे झाले. "थांबलं." बोटं काढली. "आलं." पुन्हा टेकवली. "थांबलं की ओ!" हलक्या दाबानं आवाज थांबतो, तेव्हा तो बहुतेक करून धमनीतला नसतो, मानेतून खाली जाणाऱ्या मोठ्या शिरेतला असतो. ही शीर कानाच्या अगदी खालून जाते आणि बहुतेकांची उजवीकडची मोठी असते. घरी कोणी गळा दाबून बघू नये, जोरानं तर नाहीच आणि दोन्हीकडून कधीच नाही.

स्टेथोस्कोप लावला तर मानेवर मलाही ऐकू आला, मंद, लाटेसारखा. मी नळ्या काढून त्यांच्या मालकांच्या कानात घातल्या. ते दाराशी उभे होते, गिरणी बंद ठेवून आलेले, जरा कावलेले. त्यांनी ऐकलं. बराच वेळ ऐकलं. मग बायकोकडं बघून म्हणाले, "व्हय गं, हाय की." आक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हंजे मी याडी न्हाई." आठ महिन्यांत त्यांच्या बाजूनं कोणी दिलेली ही पहिली साक्ष होती.

दुसऱ्यालाही ऐकू येऊ शकतो अशा आवाजाला वस्तुनिष्ठ टिनिटस म्हणतात आणि तो विरळा. बाकीच्यांचा आवाज फक्त त्यांनाच ऐकू येतो. तो खोटा नसतो. त्याला फक्त साक्षीदार मिळत नाही.

आता रक्त इतकं का वाजत होतं? मी पापणी खाली ओढून बघितली, तिथं गुलाबी रंग जवळजवळ नव्हता. नखं पांढुरकी, चमच्यासारखी खोलगट. पाळीचं विचारलं. मालक बाहेर गेल्यावर त्या बोलल्या. गेलं वर्षभर महिन्यातले दहा-बारा दिवस जात होते, गाठी पडत होत्या, पोटात कळ आली की दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेत होत्या. "आता जायच्या वयात असं हुतंयच म्हणत्यात." कोणत्याही चिठ्ठीवर रक्ताची तपासणी नव्हती. कानासाठी आलेल्या बाईला पाळीचं कोण विचारणार, आणि कानाच्या डॉक्टरला ती आपणहून कशाला सांगेल?

हिमोग्लोबिन आलं ६.४. बाईचं १२ च्या वर असावं. रक्त पातळ झालं की सगळ्या शरीराला प्राणवायू पुरवण्यासाठी हृदय जोरानं आणि भरभर पंप करतं. पातळ रक्त वेगानं वाहतं तेव्हा ते शिरेत खळखळतं, जसा पंचगंगेचा प्रवाह बंधाऱ्याच्या फटीतून निघताना वाजतो. शीर कानाला चिकटून, रात्री घर शांत, उशीवर कान टेकलेला. ऐकू येणारच.

तरीही कान-नाक-घसा तज्ज्ञांनी मेंदूचा आणि त्यातल्या शिरांचा एमआरआय करून घेतला आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्यामागची नस बघितली. दोन्ही ठीक निघालं. एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसेलच असं धरायचं नाही. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठी दिसल्या. पुढचं काम स्त्रीरोगतज्ज्ञांचं: रक्त चढवलं, लोहाची इंजेक्शनं शिरेतून दिली, रक्तस्राव आटोक्यात आणला, आणि दिवाळीनंतर शस्त्रक्रिया झाली. त्याच्या कितीतरी आधी, उपचारांच्या पाचव्या आठवड्यात हिमोग्लोबिन साडेनऊच्या आसपास आलं तेव्हा एका सकाळी आक्कांचा फोन आला. "मॅडम, डंक बंद पडला."

इथं गोष्ट संपली असती तर मी ही नोंद लिहिली नसती. त्याच फोनवर त्या पुढं म्हणाल्या, "पर आता ते दुसरं लई वाजतंय."

दुसरं म्हणजे किर्र. पहिल्याच दिवशी मी विचारलं होतं, याशिवाय आणखी कुठला आवाज? तेव्हा त्यांनी हात झटकला होता: "ते रातकिड्यागत? ते हायच की चार-पाच वर्सं. दोन्ही कानांत." तो आवाज त्यांना आजार वाटतच नव्हता. पण त्याचं मूळ वेगळं होतं, औषध वेगळं होतं, आणि तो जाणारा नव्हता.

पहिल्या भेटीत काढलेला ऑडिओग्राम, म्हणजे कोणत्या पट्टीत ऐकू यायला आवाज किती मोठा लागतो त्याचा आलेख, हे स्पष्ट सांगत होता. खालच्या आणि मधल्या पट्टीत दोन्ही कान जवळजवळ ठणठणीत. ४००० हर्ट्झला मात्र रेषा खळग्यात पडावी तशी खाली: उजवीकडं ४५ डेसिबल, डावीकडं ५०. ८००० ला पुन्हा थोडी वर. गोंगाटानं खाल्लेला कान असाच दिसतो. स, श, फ यांसारखी व्यंजनं या वरच्या पट्टीत राहतात, म्हणून गिऱ्हाईक "साठ" म्हणालं की आक्कांना "आठ" ऐकू यायचं आणि पैशावरून वाद व्हायचे. त्यांना ते गिऱ्हाइकाचं पुटपुटणं वाटत होतं.

मी मोजणीचं यंत्र घेऊन त्यांच्या डंकावर गेले. मुसळं आणि गिरणी दोन्ही चालू असताना त्या उभ्या राहतात त्या जागी ९६ डेसिबल. आपल्याकडं कारखान्यात आठ तासांसाठी ९० ही मर्यादा आहे, आणि बरेच तज्ज्ञ ८५ वरच सावध व्हायला सांगतात. गोंगाटानं आलेला बहिरेपणा कारखान्यांच्या कायद्यात कळवण्याजोगा व्यावसायिक आजार म्हणून आहे. शिरोलीच्या फौंड्रीत घासकाम करणाऱ्याला निदान हा कायदा लागू होतो. घराखालच्या डंकाला कोण निरीक्षक येणार?

आतल्या कानातल्या शंखात आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा हजार केसपेशी असतात. गोंगाटानं मरतात त्या वरच्या पट्टीच्या आधी, आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग जो आवाज कान पाठवतच नाही तो कुठून ऐकू येतो? आक्कांना मी असं सांगितलं: शेवटच्या एसटीची वाट बघत तुम्ही फाट्यावर उभ्या आहात. अंधार आहे, गाडी येत नाही. तुम्ही कान देऊन ऐकता, आणखी कान देता, आणि मग वाऱ्याची सळसळसुद्धा इंजिनासारखी वाटायला लागते. मेंदू त्या हरवलेल्या पट्टीची अशीच वाट बघतो, स्वतःची ऐकायची ताकद वाढवत नेतो आणि नसांमधली रोजचीच कुरबुर त्याला किर्र म्हणून ऐकू येते. शांततेत हे प्रत्येकाला थोडंफार होऊ शकतं. १९५३ साली हेलर आणि बर्गमन यांनी चांगलं ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं, तर ९४ टक्क्यांना काही ना काही ऐकू आलं.

आक्कांचा किर्र किती मोठा, तेही मोजलं. यंत्रातून वेगवेगळे सूर देऊन जुळणारा शोधायचा. जुळला तो ४००० च्या थोडा वर, आणि त्यांना त्या पट्टीत जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीपेक्षा अवघा सात डेसिबल जास्त. त्यांचा विश्वास बसेना. "एवढासाच?" बहुतेकांचा एवढासाच असतो. त्रास मात्र आवाजाच्या मापानं होत नाही. झोप, भीती आणि लक्ष यांच्या मापानं होतो. २५ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, शंभरपैकी गुण. पहिल्या दिवशी आक्कांचे ६४ होते, म्हणजे तीव्र गट. हूं-हूंमुळे रात्ररात्र जागून त्यांचं लक्ष कानालाच चिकटलं होतं, आणि ठोका थांबल्यावर ते लक्ष किर्रवर येऊन बसलं.

"सवय होईल" आणि सवय लावणं यात मोठं अंतर आहे. आम्ही जे केलं त्यात चमत्कार काही नव्हता. दोन्ही कानांना श्रवणयंत्रं बसवली, वरची पट्टी मेंदूकडं पुन्हा जायला लागली. रात्री पूर्ण शांतता ठेवायची नाही, पंखा किंवा पावसाचा हलका आवाज चालू ठेवायचा, किर्र बुडवण्याइतका मोठा नको, शेजारी बसेल इतका. त्या घरातही कानात कापूस घालून बसायला लागल्या होत्या, तो काढायला लावला; शांततेत कान आणखी हळवा होतो. आवाज आला की मनात पहिला विचार कोणता येतो, यावर एका समुपदेशक ताईंबरोबर त्या आठ वेळा बसल्या. या पद्धतीच्या समुपदेशनानं त्रास कमी होतो याला चांगला आधार आहे. गिंको नावाच्या झाडाचा अर्क, जस्त आणि 'कानाच्या नसेच्या' गोळ्यांना तसा नाही, आणि त्यावर लोकांचे हजारो रुपये जाताना मी बघते. वेदनाशामक गोळ्याही बंद झाल्या. त्यातल्या काही, विशेषतः ॲस्पिरिन मोठ्या मात्रेत, स्वतःच कान वाजवतात.

डंक बंद कर असं मी म्हटलं नाही. पोट आहे त्यावर. फोमचे बोळे कसे घालायचे ते शिकवलं: बोटांत वळून पेन्सिलीसारखा बारीक करायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागं ओढायचा, आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. पहिले चार प्रयत्न फसले, बोळा अर्धा बाहेर. पाचव्याला त्या स्वतःच म्हणाल्या, "आता विहिरीत उतरल्यागत झालं." तसंच वाटायला हवं. वरून हेडफोनसारखे कानझाप. नुसत्या कापसाचा इथं फारसा उपयोग नाही.

हेही सांगून ठेवते, कारण यात वेळ फार महत्त्वाची असते. आक्कांसारखा दोन्ही कानांत चार वर्षं असलेला किर्र तपासायला आठवडा थांबला तरी चालतो. एका दिवसात एक कान अचानक मंद झाला आणि वाजायला लागला, तर 'दडे बसलेत, जातील' म्हणून बसू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा डॉक्टर गाठावा. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच जास्त होतो. किर्र एकाच कानात असेल आणि तोच कान कमी ऐकत असेल तर ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे एमआरआयनं बघावं लागतं. आणि आवाज नाडीबरोबर चालत असेल तर तो कुठल्याच सवयीवर सोडायचा नाही.

सहा महिन्यांनी आक्कांचे गुण २८ झाले. ऑडिओग्राम आहे तिथंच होता, खळगा भरला नव्हता, खोलही झाला नव्हता. हिमोग्लोबिन ११.८.

यंदा गुढीपाडव्यानंतर मी चटणी कुटायला त्यांच्याकडंच गेले. उखळाशी त्यांची सून उभी होती, कानांवर निळे झाप. आक्का वजनकाट्यापाशी. मी विचारलं, किर्र कसा आहे? आवाजामुळं त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी मला हातानं बाहेर अंगणात नेलं, एक बोळा काढला आणि म्हणाल्या, "आता इचारा." मी पुन्हा विचारलं. त्या थोडं थांबल्या, ऐकल्यासारखं केलं. "हाय की. तुमी इचारलं म्हून आत्ता ऐकला." आणि बोळा वळून, कान ओढून, पुन्हा आत बसवला.